शेंदूर लाविल्या बाटलीने खाडी बंद जाहली त्याचें वर्तमान

श्रीसमुद्रराज सुप्रसन्न असो. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, आश्विन मासीं घडलें तें यथामति लिहितों. राज्याचे पदरीं 'शिंपली' नामें लहानशी संशोधननौका होती. तिजवर ना तोफ ना बंदूक. खाडीचे मुखीं जावें आणि तळचा गाळ काढावा, मासळीचीं पिलें मोजून सोडावीं, आणि दोराने बाटली खोल सोडून पाणी आणावें, मग तें निकें कीं नासलें हें हुजुरांस कळवावें, हीच तिची मुलूखगिरी. तिजवर मुख्य शास्त्रीणबाई मृदुलाताई केळुसकर. मोठ्या हुशार, आणि तितक्याच देवभोळ्या. खंडेनवमीस राज्यांत सर्वांनी शस्त्रें पुजिलीं, तेव्हां बाई बोलिल्या, "आमचें शस्त्र ही बाटली." मग स्वहस्तें तीस आंतबाहेर शेंदूर फांसला, हात म्हणून आखडला नाही, आणि नारळ फोडून स्वारी निघाली.

त्या दिवशींचे पाण्यांत शिसें निघालें. पूजेचा शेंदूर पुसूं नये म्हणोन बाटली कोणी घासली नव्हती, तीच पुन्हा सोडिली आणि पुन्हा शिसेंच निघालें. हुजुरांनी धसका घेतला आणि हुकूम सुटला कीं खाडींतील तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, कोणी काढूं नयेत, विकूं नयेत. मग तिसऱ्यांवर जिचें घर चाले ती हौसाबाई कोळीण रिकामी पाटी घेऊन धक्क्यावर आली आणि म्हणाली, "बाय, खाडीच इखारी झाली तं आमी जावाचं कुठं?" बाईंस अन्न गोड लागेना. शेवटीं त्यांनी बाटलींत प्रयोगशाळेचें शुद्ध पाणी ओतिलें आणि तेंच तपासिलें, तों त्यांतही शिसें! शुद्ध पाण्यांत शिसें कोठून, म्हणोन कपाळास हात लाविला, आणि हात पाहती तों बोटें लाल. शेंदरांत शिसें असतें हें बाई दरसाल विद्यार्थ्यांस शिकवीत. आतां हंसावें कीं रडावें? बाईंनी दोन्हीं केलीं.

मग कोरी बाटली आणविली आणि पाणी तपासिलें, तिसऱ्यांचें मांसही तपासिलें. अवघें निर्मळ. बाईंनी हुजुरांस आपली चूक स्वमुखें सांगितली. हुजूर क्षणभर रागावले, मग इतके मोकळे जाहले कीं रागवावयाचें विसरले, आणि बंदी उठली. हौसाबाईने पहिल्या पाटीच्या तिसऱ्यांचें कालवण रांधून नौकेवर आणिलें. धक्क्यावर जमलेले लोक अजून साशंक होते, म्हणोन बाईंनी सर्वांदेखत पहिली वाटी आपण संपविली आणि दुसरी मागितली. तेव्हां हौसाबाई डोळे पुसत म्हणाली, "खा बाय, पोटभर खा. पन फुडल्या साली त्या बाटलीला निसतं फूल वाहा." बाईंनी मान डोलाविली.

येणेंप्रमाणें खाडी सुटली आणि बाटली घासली गेली. हल्लीं खंडेनवमीस शेंदूर नौकेच्या डोलकाठीस लागतो. लेखनसीमा.