आबांचा सोपा रस्ता

निगडीहून निघोज्याला सायकलवर जाणं म्हणजे ओसरीतून अंगणात उतरण्याइतकं सोपं, असं आबाजी सांगायचे. सांगताना प्राधिकरणातल्या बागेच्या बाकावर मधोमध बसायचे, म्हणजे दोन्हीकडच्यांना नीट ऐकू जावं.

"तळवड्यापर्यंत पेडल मारायचंच नाही, उतार आहे. मग पूल. मग जरासा चढ, तो येतो कधी नि जातो कधी, कळत नाही. की आलंच निघोजे. रस्त्यावर चिटपाखरू नसतं."

त्यांचे असे सोपे रस्ते पुष्कळ होते, पण निघोज्याच्या रस्त्यावर त्यांचा जीव होता. तिथे त्यांची बहीण पुतळाबाई राहायची. कंपनीतून निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी ते तिच्याकडे जायचे आणि दुपारी कॅरियरला शेवग्याच्या शेंगा बांधून परत यायचे. शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. घामाचा थेंब नाही. साठी उलटलेला माणूस असा टवटवीत परत येतो म्हटल्यावर रस्ता सोपाच असणार, याबद्दल बागेत कुणाला शंका नव्हती.

त्यांच्या मुलीलाही नव्हती. हर्षाली पुण्यात एका ग्रंथालयात नोकरी करायची. "आबा, मलाही न्या की एकदा," असं ती म्हणाली की ते म्हणायचे, "नेतो की. जरा थंडी पडू दे." थंडी पडली की म्हणायचे, "फार गारठा आहे गं, जरा ऊन तापू दे." अशा किती थंड्या पडल्या आणि किती उन्हं तापली. मग एका पावसाळ्यात आबाच गेले.

वर्ष होत आलं तेव्हा बागेतल्या सुमनताईंनी एक बेत मांडला. सकाळच्या मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असायचा, आणि आबांच्या मागे हर्षालीही तिथे येऊन बसू लागली होती.

"आबांच्या आठवणीसाठी आपण सगळे त्यांच्या रस्त्याने निघोज्याला जाऊ. सायकलवर. सोपा रस्ता आहे, माझे गुडघेसुद्धा येतील."

"गुडघे घरी ठेवा, ताई," सिद्धेश म्हणाला. हा हिंजवडीत नोकरीला होता, आणि त्याची सायकल त्याच्यापेक्षा जास्त व्यायाम केल्यासारखी दिसायची. "मी गेलो होतो मागे. पुलानंतरचा चढ असा आहे की गिअर असून मी उतरलो. काकांबद्दल आदर आहे, पण ते जरा..."

"जरा काय?" हर्षालीने विचारलं.

"जरा रंगवून सांगायचे."

सुमनताईंनी शालीचं टोक नीट केलं. हर्षालीला त्यांचं ते गप्प बसणंच लागलं. आबांच्या मागे घर होतं, चष्मा होता, सायकल होती. पण त्यांचा शब्द या बाकावर राहिला होता, आणि तो आता हिच्यादेखत उठून चालला होता.

"येत्या रविवारी मी जाऊन येते," ती म्हणाली. "आबांच्याच सायकलवर. तिला गिअर नाहीत."

रविवारी ती निघाली खरी. पण सायकलची सीट होती आबांच्या उंचीची. खाली करायला पाना घेतलाही होता तिने. मग त्या नटाला शेवटचा हात कुणाचा लागला असेल ते मनात आलं, आणि तिने पाना परत ठेवून दिला. त्यामुळे झालं काय, सायकल चालताना सगळं ठीक. थांबायची वेळ आली की पाय जमिनीला पुरेना. टेकायला काहीतरी लागायचं. पहिल्या सिग्नलला खांब मिळाला. दुसऱ्याला केळ्यांची गाडी मिळाली. केळेवाला म्हणाला, "ताई, टेकलात तर अर्धा डझन तरी घ्या." तिने घेतली.

तळवड्याला पोचली आणि तिचं ते चिटपाखरू नसलेल्या रस्त्याचं चित्र एका ट्रेलरखाली गेलं. ट्रेलर, टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, डबे लावलेल्या मोटारसायकली. सगळा औद्योगिक पट्टा कामावर निघाला होता. रविवारी आपल्या ग्रंथालयाला कुलूप असतं, म्हणून जगालाही असेल, असा तिचा समज. या भागातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आबांबरोबर सर्कस पाहायची तर ती गुरुवारी, शाळा बुडवून. तरीही आबा याच वारी का जायचे, हे तिला आज, हॉर्नच्या मधोमध उभं राहिल्यावर कळलं. उभी तरी कुठे? ती एका कंपनीच्या बसच्या खिडकीचा गज धरून तोल सांभाळत होती.

"ताई, आत या की," खिडकीतून एक जण म्हणाला. "जागा आहे."

"नको, मी सायकलवर चाललेय."

"ते दिसतंय. पण आता बस निघतेय."

बस निघाली. हर्षालीही थोडी निघाली. केळी मात्र तिथेच राहिली.

पूल आला, खाली इंद्रायणी दिसली, आणि मग तो जरासा चढ आला. तो येतो कधी हे कळलं. जातो कधी, ते काही केल्या कळेना. उतरायचं नाही असं तिने ठरवलं होतं. दात आवळून ती पेडल दाबत राहिली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी मागून आली, तिच्या बरोबरीने चालली आणि पुढे निघून गेली. जाताना वळून म्हणाली, "पंक्चर हाय का गं बाई?"

हर्षाली उतरली. चढाकडे पाहत तिथेच उभी राहिली. सिद्धेश खरं बोलला होता, आणि तिला त्याचा राग यायचा थांबेना.

तेवढ्यात लोखंडी सुट्या भागांनी भरलेला एक टेम्पो पुढे जाऊन करकचून थांबला. तिशीतला ड्रायव्हर खाली उडी मारून आला आणि त्याने सायकलचं हँडल धरलं.

"सायकल कुठनं आणली, ताई?"

"म्हणजे? माझी आहे."

"तुमची कशी? ह्यो मडगार्ड बघा. हिरवा रंग मी स्वतः मारलाय. ही आमच्या काकांची हाय. बोलवा काकांना, त्यांच्यासमोर बोला."

हर्षालीने मडगार्डच्या हिरव्या रंगाकडे पाहिलं.

"ते गेले," ती म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात. मी त्यांची मुलगी."

त्याचा हात हँडलवरून निघाला नाही, फक्त सैल झाला. तो म्हणाला, "व्हय का. मला वाटलं, रुसले. मी आपला गुरुवारचा थांबतोय हितं." मग त्याने नाव सांगितलं, गोरक्ष. "तुमी हर्षालीताई. पुस्तकवाल्या. चला, सायकल टाकतो वर. आज माल हाय, पर बसंल कशीतरी."

"नको. आबा चालवत जायचे, मीही चालवत जाणार."

गोरक्षने तिच्याकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, आणि त्याला हसावं की नाही ते कळेना.

"काका? ह्यो चढ?"

हर्षालीने मान डोलावली.

"अवो ताई, गुरुवारी कंपन्या बंद, माझा टेम्पो रिकामा. मी गावाकडं निघायचो तवा काका हितं झाडाखाली पेपर वाचत बसलेले. हात करायचे. सायकल मागं, काका पुढं. म्हनायचे, गोरक्षा, सायकल चालवायची मजा आपन घ्यायची, चढायचा त्रास टेम्पोला द्यायचा. परत जाताना बी तळवड्याच्या वर नेऊन सोडायचो."

हर्षाली रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. इस्त्रीचा शर्ट. घामाचा थेंब नाही. तिला हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी दुसरंच काहीतरी झालं. गोरक्ष टेम्पोच्या टायरकडे निरखून पाहत राहिला.

"मी म्हनायचो, पोरीला आना की एकदा," तो टायरशीच बोलला. "तर म्हनायचे, न्हाई राव. ती आली तर मला खरंच चढावं लागंल."

मग सायकल मागे, हर्षाली पुढे. निघोज्याच्या अलीकडच्या वळणावर त्याने टेम्पो थांबवला. "काका हितं उतरायचे. पुढं चालवत. आत्याला वाटलं पायजे ना."

हर्षालीही तिथेच उतरली, सायकलवर चढली आणि घंटी वाजवत पुतळाबाईंच्या दारात गेली. आत्या अंगणात शेंगा निवडत बसली होती. तिने सायकल पाहिली. पदर तोंडाला लावला, मग काढला.

"चालवत आलीस?"

"हो, आत्या."

"दोघं बापलेक सारखीच," आत्या म्हणाली. "वळणावरचा टेम्पो मला पहिल्यापास्नं ऐकू येतो. पर माझा दादा एवढा छाती काढून यायचा, कशाला बोलायचं? बस. भाकरी टाकते."

दुपारी गोरक्षने तळवड्याच्या वर सोडलं, आणि कॅरियरला शेंगा बांधून हर्षाली बागेपाशी परतली. सुमनताई आणि सिद्धेश फाटकाशीच उभे होते. सुमनताईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगंबाई, घामाचा थेंब नाही. अगदी आबांसारखी."

"पण चढ लागला ना?" सिद्धेशने विचारलं.

"लागतो की. येतो कधी नि जातो कधी, कळत नाही."

सिद्धेशने एकदा फोनमधल्या नकाशाकडे पाहिलं, एकदा शेंगांकडे. मग फोन खिशात घातला. "मग पुढच्या रविवारी मला घेऊन चला. तुमच्या मागोमाग येतो."

हर्षालीने सीटवरून हात फिरवला. सीट अजून तेवढीच उंच होती.

"नेते की," ती म्हणाली. "जरा थंडी पडू दे."