दगडूचाचांची पिवळी

दगडूचाचा भीमेवर मासे धरायला निघाले, की आधी स्टेशनात जायचे. नदी आमच्या क्वार्टर्सच्या मागच्या अंगाला आणि स्टेशन पुढच्या. तरी हा गृहस्थ दर रविवारी फलाटावर जाऊन उभा राहायचा, मनमाडच्या गाडीची चौकशी करायचा, बाकावर जरा टेकायचा, आणि आपल्याला कोणी पाहत नाही अशी खात्री पटली की मालधक्क्यामागून लांबचा फेरा घालून नदी गाठायचा. काखेत छत्री असायची, अगदी चैत्रातसुद्धा. ती छत्री नव्हती. गोणपाटात गुंडाळलेली गळाची काठी होती आणि तिच्या टोकाला छत्रीची मूठ बसवलेली होती. हे सगळ्या दौंडला ठाऊक होतं, फक्त सगळ्यांना ठाऊक आहे हे चाचांना ठाऊक नव्हतं.

चाचा रेल्वेच्या शेडमध्ये सुतार होते. उंच, वाळके, डोक्यावर विटकी टोपी. बोलायच्या आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, आणि मग म्हणायचे, "कोन बघतंय का बघा." हे वाक्य ते चहा मागतानाही म्हणत. मी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचो, पार्सल ऑफिसात कारकून होतो, म्हणून मला ते बाबू म्हणत.

आता मीही काही भोळा माणूस नव्हे. पार्सल ऑफिसात बसून बसून मला प्रत्येक गाठोड्यात लिहिल्यापेक्षा भलतंच काही आहे असं वाटायची सवय लागली होती. तेव्हा एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे चाचा म्हणजे एकाच पिंजऱ्यात दोन मांजरं कोंडल्यासारखं होतं.

चाचांचं आमिष म्हणजे एक लाकडाचा मासा होता. कुणा गोऱ्या ड्रायव्हरनं देश सोडून जाताना त्यांना एक विलायती रीळ आणि तसला एक मासा दिला होता. तो मासा पहिल्याच वर्षी एका दांडग्या मरळ माशानं पळवला. मग चाचांनी मोडीत निघालेल्या डब्याच्या बाकाचं सागवान तासून स्वतःचा घडवला. वीतभर लांब, पोटात शिसं ओतलेलं, खाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. हमीदाचाचींनी तो पिवळा रंगवला आणि केसांच्या मोडक्या आकड्याच्या टोकानं एकेक खवला काढला. तेव्हापासून त्या माशाचं नाव पिवळी. एक डोळा मात्र दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता. चाचा कुरकुरले, तर चाची म्हणाल्या, "असू द्या की. नदीवर जातो म्हनून तुमी कुठं जाता, मला काय ठावं? ती लक्ष ठिवंल."

त्या काळात चाचांनी मला ती विद्या एकदा अंगणातल्या हौदात दाखवली होती, अर्थात आधी दाराला कडी घालून. पिवळी पाण्यात सोडायची, काठीच्या टोकाला एक हिसका द्यायचा की ती तिरकी सरकते. लगेच दोरा सैल सोडायचा. मग ती आपली आपण घसरत जाते, वळते आणि थांबते. परत हिसका, परत ढील. "धडधाकट माशामागं मरळ कशाला धावंल? तिला आजारी पायजे. आन् ती हिसक्याला येत न्हाई बाबू, थांबन्याला येती. मानसं नुसती वढीत ऱ्हात्यात, म्हनून हात हलवत घरी जात्यात."

चाचा मात्र हात हलवत येत नसत. मरळ आली की चाचींचं कालवण रटरटायचं आणि मागच्या भिंतीवरून झाकलेला वाडगा माझ्याकडे यायचा. आमच्या घरात मासा शिजत नसे. खाल्ला जात असे, याची वाच्यता नव्हती.

चाची गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. पुढच्या महिन्यात चाचा पुन्हा रविवारचे स्टेशनात दिसू लागले आणि मला बरं वाटलं. पण वाडगा काही आला नाही. वाडगा सोडा, पलीकडून फोडणीचा वाससुद्धा आला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. माणूस दर रविवारी सकाळी जातो, उन्हं कलली की येतो आणि घरी मासा नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन वर्षांत मरळींनी भीमा सोडली की काय? की चाचा परस्पर यवतच्या एखाद्या धाब्यावर माल पोचवतात? आमच्या ऑफिसातल्या एकानं तर पलीकडच्या काठावर, दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत, चाचांचं दुसरं घर असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. त्याला विचारलं, तू पाहिलंस का? तो म्हणाला, पाहायला कशाला लागतं.

त्यात आणखी एक गोष्ट. चाचा जिथं बसत त्या डोहाच्या कडेला लव्हाळी, शेवाळ आणि पाण्यात पडलेली बाभळीची खोडं. मरळ तिथंच दबा धरते. चाचांचं ऐकून शेडमधल्या चौघांनी लाकडी मासे केले, मीही केला. आमचे सगळ्यांचे पहिल्या दोन रविवारांत तिथं अडकून तुटले. चाचा मात्र तीन वर्षं त्याच शेवाळात पिवळी टाकत होते आणि ती एकदाही अडकली नव्हती. शेडचं म्हणणं, सगळं मनगटात आहे. चौघेजण जेवणाच्या सुट्टीत रिकामी मनगटं फिरवत बसायचे. चाचांना विचारलं की ते डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि निघून जायचे.

शेवटी एका रविवारी मी पाळत ठेवली. चाचा फलाटावर गेले तेव्हा मी सरळ नदीवर जाऊन बाभळीमागं बसलो. मागून ते आले. चौफेर पाहिलं, पितळी डब्यातून फडक्यात गुंडाळलेली पिवळी काढली, दोऱ्याला बांधली आणि शेवाळाच्या ऐन मध्यात टाकली. हिसका, ढील. हिसका, ढील. मी मनगट नीट दिसावं म्हणून जरा पुढं सरकलो आणि पायाखाली वाळकी फांदी कडकन मोडली.

चाचा दचकले. हिसका जोरात बसला आणि जुना दोरा तुटला. पिवळी पलीकडच्या लव्हाळ्याकडे तरंगत निघाली. मला वाटलं, आता शिव्या. पण चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तसेच कपड्यांनिशी पाण्यात उतरले. त्यांना पोहता येत नव्हतं हे मला चाचींनी सांगितलेलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात मी त्यांचा दंड धरला, ओढून काठावर बसवलं आणि स्वतः आत शिरलो.

"बाबू, नगा. ऱ्हाऊ द्या, मी आनतो," ते मागून म्हणत होते.

खरं सांगतो, तेव्हाही मला पहिल्यांदा हेच वाटलं की आता गुपित हाती लागणार. लव्हाळ्यात हात घालताना गळ तळव्यात घुसेल म्हणून मी ओठ दाबून धरले. गळ घुसला नाही. पिवळी हातात आली. रंगावर मरळींच्या दातांचे ओरखडे होते. मी तिला उलटी केली. पोटाखाली गळच नव्हते. गळांची भोकं मेणानं बुजवून, वरून पिवळा रंग दिलेला होता.

मी काठावर येऊन ती त्यांच्या हातात दिली. ते फडक्यानं ती पुसत बसले. मी विचारलं, "कधीपासून?"

"ती गेल्यापास्नं. गळ असला म्हंजी अडकती. अडकून तुटली तर कुठं हुडकू? आन् मासं घरी नेऊन द्यायचं कुनाला?"

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी या माणसावर वाडग्यासाठी डूख धरून होतो.

चाचांनी दोऱ्याचा कुजका भाग तोडला आणि पिवळी पुन्हा बांधली. गाठ तीनदा सुटली. मग ते सवयीनं म्हणाले, "कोन बघतंय का बघा." मी उठून खरोखरच दोन्हीकडे बघून आलो. कोणी नाही, असं सांगितलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

मी पिवळी टाकली आणि हिसका दिला. ती तिरकी पळाली.

"आता ढील द्या. समदी सोडा. वढू नगा."

मी दोरा सोडला. पिवळी पाण्याखाली सावकाश घसरली, वळली, आणि तो मोठा डोळा आमच्याकडे करून थांबली.

"बघा," चाचा म्हणाले. "ढील दिली की वळून बघती. अजून लक्ष ठिवती माझ्यावर."

मी पाळत ठेवणार हे ऑफिसात मीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मला घेरलं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि सांगितलं, मनगट आहे, दुसरं काही नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. पुढल्या रविवारी मी फलाटावर गेलो, तर चाचा आधीच बाकावर बसले होते. त्यांनी छत्री मांडीवर घेतली आणि बाजूला सरकून मला जागा दिली.