माणशी एक प्रत

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, केळ्यांचे घड बाजूला सारून, एक जुना संगणक मांडला आहे. त्याला पडदा नाही, झाकण नाही. वीज गेली तरी चालावा म्हणून मोटारसायकलची बॅटरी जोडलेली आणि डोकं तापू नये म्हणून समोर पंखा. त्याचं काम एकच: घरातल्यांचे फोटो, गाणी, कागदपत्रं यांची दुसरी प्रत सांभाळायची आणि मागेल त्याला द्यायची. याला घरचा सर्व्हर म्हणतात.

क्युबातल्या सिएनफुएगोस शहरात, आमच्या गल्लीत एवेलिओने असा सर्व्हर केला, तो मुलगी याइमारासाठी. तिचे आजोबा मागच्या वर्षी वारले. त्यांनी म्हटलेलं एकुलतं एक गाणं घरच्या जुन्या फोनमध्ये होतं आणि तो फोन रोज थोडाथोडा मरत होता. अर्धा पडदा काळा पडलेला. बटण दाबलं की बराच विचार करून मग उत्तर द्यायचा.

"बाबा, आज घ्या ना उतरवून. उद्या उघडलाच नाही तर?"

"घेतो गं. एवढी तार जोडली की झालंच."

तार जोडायला एवेलिओ उजेडासाठी दारात बसला. मागे याइमारा फोन धरून उभी. तेवढ्यात शेजारची सोराइदा पिशवी हलवत आली. एक पुढे, एक मागे. तिला तेवढं पुरे झालं.

"शेवटचं कोण?"

"मी," याइमारा म्हणाली. ती होतीच शेवटची.

"मग तुझ्यामागे मी."

रांग कशाची, हे सोराइदाने विचारलं नाही. आमच्याकडे आधी जागा धरतात, चौकशी नंतर. चौकशीत वेळ घालवला आणि तेवढ्यात दुकानातली कोंबडी संपली तर?

दुपारपर्यंत रांग पावाच्या दुकानाला वळसा घालून गेली. "तेल आलंय म्हणे." "छे, साबण." शेवटी कळलं, की इथे फोटो नि सिनेमे सांभाळून ठेवतात. तरी एकही माणूस हलला नाही. उभे आहोतच, तर ठेवू काहीतरी!

रांग झाली म्हणजे व्यवस्था आलीच. गल्ली समितीचे अध्यक्ष एरिबेर्तो स्वतःची खुर्ची घेऊन हजर झाले. त्यांना पहिल्याच नजरेत घोर अन्याय दिसला: घरमालक सर्वांत पुढे!

"एवेलिओ, घर तुमचं असेल. रांग जनतेची आहे."

एवेलिओने तार जोडली आणि बापलेक मुकाट्याने शेवटी जाऊन उभे राहिले. मग गरोदर बायांची रांग निघाली, म्हाताऱ्यांची निघाली, आणि आपण कोणत्या रांगेत आहोत हे विचारणाऱ्यांची सर्वांत लांब निघाली. एवेलिओला स्वतःच्या चुलीवरची कॉफी उतरवायलासुद्धा परवानगी काढावी लागली.

तिन्हीसांजेला सर्व्हर कण्हू लागला. प्रत्येकाने टीव्हीवरची एकच मालिका आणली होती, काहींनी तर दोनदा, न जाणो म्हणून. एरिबेर्तो खुर्चीवर चढले.

"एका माणसाकडे एकाच वस्तूच्या दोन प्रती, ही साठेबाजी! आजपासून माणशी एक प्रत!"

टाळ्या पडल्या.

"अहो, पण दुसरी प्रत ठेवणं हाच तर याचा उपयोग," एवेलिओ म्हणाला.

"म्हणजे यंत्राचा उपयोगच साठेबाजी, हे तुम्हाला कबूल आहे तर?"

एकदाचा याइमाराचा नंबर आला, तेव्हा हातातला फोन लुकलुकत होता.

"आधी फोनमधलं गाणं पूस," अध्यक्षांनी फर्मावलं.

"पुसलं तर उतरवू काय, काका?"

"बरं, आधी उतरव आणि लगेच पूस." मग त्यांचं कपाळ आकसलं. "नाही, नाही. मधल्या क्षणी दोन प्रती होतात. त्या क्षणाकडे मी डोळेझाक कशी करू?"

याइमाराचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले.

"काका, माणशी एक, हे नक्की ना?"

"नक्की. कमी नाही, जास्त नाही."

ती तडक सोराइदाकडे गेली. "मावशी, माझ्या आजोबांचं गाणं आहे तुमच्याकडे?"

"नाही गं बाई."

"मग तुमच्या वाट्याचं घ्या." तिने फोनला फोन भिडवला.

"काय मिळतंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुणास ठाऊक! पण माणशी एक आहे. सोडू नकोस!"

मग काय! सगळे हात पुढे आले. बघता बघता आजोबांचा घोगरा आवाज गल्लीभर निघाला, कुणाच्या खिशातून, कुणाच्या पिशवीतून. जुना फोन कायमचा विझला, तोवर सगळ्यांना आपापला वाटा मिळाला होता. राहिले एकटे अध्यक्ष. हक्काचा वाटा सोडवेना, म्हणून त्यांनीही सोराइदापुढे फोन धरला. त्यांचा फोन म्हणाला, जागा नाही. आत त्यांची स्वतःची भाषणं होती आणि ‘शुभ सकाळ’ म्हणत रोज येणारे दव पडलेल्या गुलाबांचे फोटो. वर्षानुवर्षांचे. बोट फिरत राहिलं. हाही पुसवेना, तोही पुसवेना.

हसू नका. तुमच्या घरातला एखादा फोन उघडा आणि बघा, गुलाब किती आणि आजोबा किती.

मग याइमाराने अध्यक्षांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, पहिला गुलाब शोधला आणि पुसून टाकला.