मागणी आणि चेर्निना

झेनोनराव रविवारी मागणी घालणार, ही बातमी रेगिनाबाईंना शुक्रवारीच लागली. फुलवालीकडे झेनोनरावांनी मोठा गुच्छ सांगितला होता आणि वर विचारलं होतं, "बाईमाणसाला गंभीरपणे काही विचारायचं असेल तर कुठली फुलं बरी?" श्रेमसारख्या गावात एवढं पुरे. फुलवालीने ते रेगिनाबाईंच्या धाकट्या बहिणीला, बोगुशाला सांगितलं आणि बोगुशा धापा टाकत जिना चढून आली.

"ताई, या खेपेला तो तोंड उघडेल बघ! नाही उघडलं तर मात्र गेलाच म्हणून समज. त्याचा मुलगा त्याला कायमचा आपल्याकडे, श्चेचिनला न्यायला टपलाय."

रेगिनाबाईंना ते नको होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकटं राहायची सवयही झाली होती. पण झेनोनराव त्यांना मनापासून आवडत. रेल्वेतून निवृत्त झालेले, नीटनेटके, अबोल विधुर. मूळचे देशाच्या पार पूर्वेकडचे. ते आता श्चेचिनला गेले तर पुन्हा येणार नव्हते.

"मग मी माझ्या हातचं सगळ्यात चांगलं तेच करणार," रेगिनाबाई म्हणाल्या.

सगळ्यात चांगलं म्हणजे चेर्निना, बदकाच्या रक्तातलं काळंभोर सार. ते त्यांना व्हिन्सेंती आजोबांनी शिकवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तसं सार अख्ख्या श्रेममध्ये दुसऱ्या कुणाला जमत नसे. बाजारातून बदक आलं, त्याचं रक्त व्हिनेगर घालून बरणीत आलं. बदक मंद आचेवर शिजलं. त्यात सुके आलुबुखार, नासपतीच्या फोडी आणि लवंगा पडल्या. शेवया घरी लाटून कापल्या. मग खरी परीक्षा. रक्तात पीठ कालवून त्यात गरम सार पळीपळीने घालायचं आणि मगच ते पातेल्यात सोडायचं. घाई केली की गुठळ्या झाल्याच. "गोड म्हणावं तर आंबट, आंबट म्हणावं तर गोड, असं झालं की हात आवर," असं आजोबा म्हणत. रेगिनाबाईंनी चाखलं, चिमूटभर साखर टाकली, पुन्हा चाखलं आणि हात आवरला. सार रेशमासारखं झालं होतं. आजोबा असते तर मिशी पुसून दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं.

झेनोनराव नवा कोट घालून, गुच्छ घेऊन आले. चेहरा चक्क हसरा होता. घसा खाकरून म्हणाले, "रेगिनाबाई, मला आज तुम्हाला एक..."

"आधी जेवण! बसा बघू," म्हणत बाईंनी झाकण काढलं.

झेनोनरावांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. जुन्या काळी मागणी घालायला आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नसत. त्याला जेवायला बसवून पुढ्यात हेच काळं सार ठेवत; शहाण्याने समजावं आणि घरची वाट धरावी. हे त्या देशातलं शाळकरी पोरही जाणतं. रेगिनाबाईही जाणत होत्या, पण ते शाळेच्या पुस्तकातलं. घरी चेर्निना म्हणजे रविवार, चेर्निना म्हणजे आजोबा; या दोन गोष्टींची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. झेनोनरावांच्या गावी चेर्निना कुणी करत नसे. त्यांना तिचा एकच अर्थ ठाऊक होता.

"ही... चेर्निना?"

"अगदी अस्सल!"

"विचार करून केलीत?"

"अहो, शुक्रवारपासून दुसरा विचार नाही डोक्यात! आणि खरं सांगू? मनात तर तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हापासून होतं."

"पहिल्यांदाच?" झेनोनरावांचा आवाज चिरकला.

"तुम्हाला बघितलं आणि म्हटलं, या माणसाला एकदा चेर्निना द्यायचीच."

झेनोनराव मुकाट्याने जेवू लागले. वाडगा रिकामा झाला.

"आणखी वाढते."

"नको. मला कळलं."

"एका वाडग्यात काय कळतंय! घ्या."

दुसरा वाडगा संपला. माणूस पार गोरामोरा झाला होता, पण चमचा काही थांबत नव्हता. रेगिनाबाईंना भरून आलं. तिसरा वाढताना त्या म्हणाल्या, "एवढी मी कुणालाच देत नाही हं!"

"मेहेरबानी," झेनोनराव पुटपुटले. तोही संपवून ते उठले, वाकून त्यांनी बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं. "तुम्ही फार स्पष्ट सांगितलंत. आभारी आहे. मी मुलाला श्चेचिनला येतो म्हणून कळवतो." आणि गुच्छ खुर्चीवर तसाच ठेवून निघून गेले.

थोड्या वेळाने बोगुशा केक घेऊन आली. "झालं? काय म्हणाला?"

"आभार मानले आणि गेले. श्चेचिनला."

"असं कसं? वाढलंस काय तू?"

"चेर्निना."

बोगुशाच्या हातातला केक तिरका झाला. "मागणी घालायला आलेल्याला चेर्निना? अगं ताई, हाकललंस की त्याला!"

"पण त्यांनी तीन वाडगे खाल्ले!"

"म्हणजे तीनदा हाकललंस!"

रेगिनाबाई मटकन खाली बसल्या, तशाच उठल्या आणि एप्रन न सोडता, सपाता फटफटवत धावल्या. दार उघडलं तर झेनोनराव बाहेर उभे. बोट घंटीपाशी, नजर पायपुसण्यावर.

"मी वाद घालायला आलो नाही, रेगिनाबाई. तुमचा नकार मला मान्य आहे," ते एका दमात म्हणाले. "बस आली होती, पण मी चढलोच नाही. म्हटलं, विचारून बघावं. ती चेर्निना उरली असेल तर बरणीत घालून द्याल का थोडी? बरोबर न्यायला?"

आजोबा, रविवार, शाळा, असं बरंच काही समजावून सांगायचं रेगिनाबाईंच्या ओठांवर होतं. पण हा माणूस त्यांना इतका आवडला की डोळ्यांत पाणीच आलं.

"बरणीतबिरणीत काही मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "ही चेर्निना ज्याला खायची असेल त्याने इथेच राहावं."

"किती दिवस?"

"किती दिवस काय विचारता? श्रेममधली बदकं संपेपर्यंत!"

झेनोनरावांना अर्थ लागायला जरा वेळ लागला. मग ते आत आले, नवा कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि चौथ्यांदा वाडगा पुढे केला.