कपातून फरारी जाहलेल्या कॉफीची बखर

“बाबा, तीन-चार रानांच्या बिया एकाच डब्यात ढकलता आणि वर त्या कॉफीला ‘घरची खास’ म्हणता. ही भेसळच नाही का?”

ऐसा सवाल आम्ही, म्हणजे या घरची एकुलती कन्या, वय वर्षे पंधरा, दुकानात गिऱ्हाईक उभे असता खड्या आवाजात केला. सवाल मूळचा आमचा नव्हे. शाळेतील जिवलग मैत्रिणींनी पैज लाविली होती की हे विचारण्याची हिची छाती नाही, आणि छाती नाही असे निमूट ऐकून घेणे हे आमच्या स्वभावात गेल्या वर्षापर्यंत होते, सांप्रत नाही. मैत्रिणी काचेबाहेर नाके चिकटवून उभ्या होत्या. पुढे जो रणसंग्राम जाहला त्याचे साद्यंत वर्तमान, जे डोळ्यांनी देखिले, जे दाराआडून ऐकिले आणि जे ठाऊक नसताही ठाऊक असल्यागत वाटले, ते येथे लिहिले आहे. थोरांनी वाचावे, वाचता वाचता हातची कॉफी थंड होऊ न द्यावी, आणि राग आल्यास तिच्याबरोबर गिळावा.

तर तीर्थरूप बाबा, भट्टीचे धनी, धूरसहिष्णु, भिवयांपर्यंत भुकटीने माखलेले, यांनी सवाल ऐकून हातातील फावडी खाली ठेविली आणि फर्माविले की, एका बीच्या अंगी सकल गुण असते तर मिसळण्याची यातायात कोण करिता. डोंगरमाथ्याची बी चलाख, जिभेवर लिंबासारखी चमकते, परंतु अंगाने सडपातळ, आली कधी आणि गेली कधी याचा पत्ता नाही. आणि सालीसकट उन्हात वाळविलेली बी गोड, पिकल्या फळाच्या वासाची, परंतु आळशी, एकटी प्यावी तर सरबत. आणि मधल्या उतारावरील बी म्हणजे पायदळ, तिचे कौतुक कोणी करीत नाही आणि तिच्यावाचून कोणाचे भागत नाही. मग आणखी फर्माविले की, पीक दर साली निराळे येते, एके साली आंबट, एके साली फिके, आणि गिऱ्हाइकास मात्र कालचीच चव उद्या पाहिजे, सबब प्रमाणे हलवून चव जागच्या जागी राखणे हीच कारागिरी. आणि प्रत्येक बी वेगळी भाजून मगच एकत्र करितो, कां की टणक बी आणि मऊ बी एका आगीत घातल्या तर एक कच्ची राहते आणि दुसरीचा कोळसा होतो. भेसळ करणारा चव लपवितो, आम्ही ती सांभाळतो. आणि यंदा तर, येथे बाबांनी छाती फुगविली, आजोबांच्या अमलापासून मिश्रणात ठाण मांडून बसलेली रोबस्टा नामक सखल रानातील राकट, कडवट बी आम्ही बडतर्फ केली आणि तिच्या जागी डोंगरमाथ्याची बी वाढविली. आता ‘घरची खास’ म्हणजे निव्वळ खानदानी!

मैत्रिणींची तोंडे पडली. परंतु हे शब्द हवेत असताच दार धाडकन उघडले आणि चौकातील बेकरीवाल्या मावशी, कोपरापर्यंत मैदा आणि कपाळभर आठ्या, दरबारी दाखल जाहल्या.

“भाऊ, गिऱ्हाईक म्हणतंय मी कॉफीत पाणी घालते. मी घालत नाही. मग कोण घालतं?”

बाबांनी तत्काळ एक काळी कॉफी गाळून त्यांच्या हाती दिली. मावशींनी घोट घेतला, विचार केला, दुसरा घेतला.

“ही झकास आहे. पण माझ्याकडे अशी लागत नाही.”

“मशीनमध्ये तुमच्या चुना साठला असेल.”

“मशीन मी रोज घासते. तुम्ही जीभ घासता का?” आणि मग जाता जाता त्यांनी निर्वाणीचा खलिता तोंडीच बजाविला. “रविवारी सकाळी येते. तोवर जमवा. नाही जमलं तर कारखान्याची पाकिटं घेणार. त्यांचा माणूस वर छत्रीपण फुकट देतोय.”

आता वाचकांस वाटेल, एक गिऱ्हाईक गेले तर गेले. परंतु बेकरी म्हणजे आमच्या दौलतीचा अर्धा मुलूख. तिसऱ्या प्रहरी आम्ही दाराआड कामगिरीवर असता बाबा आईस हळू आवाजात म्हणाले की, बेकरी सुटली तर भट्टी विकून टाकू, मी कुठंतरी नोकरी बघतो. त्या भट्टीशेजारी आमचा पाळणा होता. इतर मुले अंगाईने झोपतात, आम्ही बिया तडतडल्या की झोपत असू.

मग मोहीम मुकरर जाहली. टेबल पुसले गेले, कपांच्या रांगा लागल्या, आणि मातोश्री, या दौलतीच्या जिव्हाधिकारी, ज्यांच्या जिभेपुढे खोटे टिकत नाही, मग ते कॉफीचे असो की गणिताच्या मार्कांचे, त्या चमचा घेऊन अग्रभागी उभ्या राहिल्या. चाखणीचा रिवाज ऐसा की, जाड भुकटीवर कढत पाणी ओतावे, वर साय धरू द्यावी, मग चमच्याने ती फोडून नाक आत घालावे, आणि मग चमचाभर घेऊन सुर्रकन ओढावे आणि थुंकून टाकावे. जेवताना आम्ही हाच आवाज केला तर टपली बसते, आणि या टेबलावर जो मोठा आवाज काढील तो जाणता! आणि दुसरा रिवाज ऐसा की, टेबलावर दूध आणि साखर यांस कडक मज्जाव. आम्ही कॉफी दुधातून पितो, भरपूर साखर घालितो, यास्तव बाबा तीस खीर म्हणतात आणि टेबलापासून आम्हांस चार हात दूर ठेवितात.

बाबांनी डोंगरमाथ्याची बी कमी केली, वाढविली, गडद भाजिली, उजळ भाजिली, आणि आईने सुर्रकन ओढून ओढून सांगितले की उत्तम, हीही उत्तम, ही तर फारच उत्तम. खोट सापडेना. मग खोट न सापडली की घरोघरी जे होते ते जाहले.

“तुझं नाक बसलंय.”

“माझं नाक? अहो, सकाळी कच्चा कांदा खाऊन टेबलावर कोण आलं?”

“कांदा कालचा होता.”

“वास आजचा आहे!”

दोन्ही फौजा ऐशा आपसांत भिडल्या असता आम्हांस भूक लागली होती. आम्ही फारच उत्तमपैकी एक कप गुपचूप उचलून स्वयंपाकघरी नेला, त्यात नेहमीप्रमाणे दूध ओतिले, साखर घातली आणि प्यालो. दूध लागले. साखर लागली. कॉफी कोठेच नाही! पुन्हा प्यालो, कप हलवून तळ पाहिला, जणू ती खाली लपून बसली आहे. मग जी लख्ख वीज आमच्या डोक्यात पडली तिचे वर्णन करावयास शब्द नाहीत, तरी करितो: पातेले उचलले आणि धावलो.

दूध टेबलाकडे येताना पाहून बाबा असे ओरडले की जसे पातेल्यात साप आहे.

“ए, लांब! लांब ठेव ते!”

“बाबा, मावशींच्या बेकरीत काळी कॉफी कोण पितं?”

बाबांनी आईकडे पाहिले. आईने कपांच्या रांगांकडे पाहिले.

“कोणी नाही,” आई म्हणाली. “अहो, तिथं कोणीच काळी पीत नाही.”

उभय जाणत्यांची जन्मभराची जीभ काळ्या कॉफीवर पोसलेली, आणि मावशींचे गिऱ्हाईक अर्धा पेला दूध घालून पाव बुडविणारे! दुकानात मावशी प्याल्या ती काळी, सबब झकास. बेकरीत गेली ती दुधात, सबब गडप. डोंगरमाथ्याच्या त्या सडपातळ बीस दुधाने एका घोटात बुडविले होते.

“मग दुधात टिकतं कोण?” आम्ही विचारिले.

बाबा छताकडे पाहू लागले. आई जिन्याखाली पाहू लागली. तेथे बडतर्फ रोबस्टाचे शेवटचे पोते उभे होते, वर फळी टाकून आई त्यावर इस्त्री करीत असे.

“मी चार लोकांत शब्द दिलाय,” बाबा म्हणाले. “सगळ्या भट्टीवाल्यांसमोर. रोबस्टा पुन्हा भाजणार नाही म्हणून.”

“मग त्या चार लोकांना सांगा,” आई म्हणाली, “बेकरीचे रोजचे दोन डबे तुम्ही घेऊन जा म्हणावं.”

येथे बाबांची शिकस्त जाहली. इस्त्री हलविली, पोते फोडिले, आणि राकट सरदारास सन्मानाने बहाल करून एकट्यास भट्टीत धाडिले. पहिल्या मेळास बाबांनी हट्टाने निम्मी रोबस्टा घातली, की एकदाची हौस फिटो. आईने, लग्नानंतर प्रथमच, दुधाची कॉफी तोंडाला लाविली.

“टायर,” ती म्हणाली.

मग कमी केली, तर कॉफी पुन्हा फरारी. मग दहा भागांत दोन घातली, आणि ती दुधात पाय रोवून उभी राहिली, आणि तिच्या खांद्यावर चढून उन्हात वाळलेलीचा गोडवाही वर आला, जो तोवर कोणास दिसला नव्हता. हे आधी आमच्या जिभेस कळले. आईने पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले, आणि मान हलविली.

“काळी प्यायली तर जरा रांगडी लागते,” बाबा कुरकुरले.

“मग पिऊ नका ना काळी!” आम्ही सुनाविले.

रविवारी सकाळी बेकरीवाल्या मावशी स्वतःचा पेला आणि स्वतःचे दूध घेऊन आल्या, कां की विश्वास उडाला होता. बाबांनी कॉफी गाळिली, मावशींनी दूध ओतिले, आणि आम्ही तिघे श्वास कोंडून उभे राहिलो. मावशींनी घोट घेतला. मग पेला पालथा होईस्तोवर प्याल्या आणि ओठ पुसले.

“ही ती. कुठं दडवली होती इतके दिवस?”

“जिन्याखाली,” बाबा म्हणाले. खोटे त्यांस कधीच जमले नाही.

येणेप्रमाणे बेकरीचा मुलूख राखिला गेला, कारखान्याची छत्री मागे फिरली, रोबस्टास जागा परत मिळाली, भट्टी विकण्याची मसलत मोडीत निघाली आणि फत्ते जाहली, हे नमूद असावे. मग विजयाच्या भरात बाबांनी फर्मान काढिले की कन्येने मोठे काम केले, शाबास, आता उद्यापासून तिने पुस्तके धरावी आणि टेबलाकडे फिरकू नये. आईनेही मान डोलाविली. ते समयी आम्ही आईच्या हातचा चमचा काढून घेतला आणि उभयतांस सांगितले ते ऐसे:

“यापुढे मिश्रणं दोन. काळं पिणाऱ्यांचं तुमचं, दुधाचं माझं. शाळा बुडणार नाही, पण दर रविवारी टेबलावर मी असणार, पातेल्यासकट. आणि मी विचारत नाहीये. सांगतेय.”