पिल्लासाठी एक मळका शर्ट

कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं म्हणजे असं काय मोठं? कडकभाऊंच्या मते काहीच नाही! "तयारी करावी तर आम्हीच!" असं ते दुकानाच्या काउंटरवरून आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवत होते. कुणी पँट टाकायला आलेलं असो, कुणी कोट न्यायला, तयारीची सगळी हकिगत ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

कडकभाऊ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तीस वर्षं लॉन्ड्री चालवलेली, कपड्यांना स्टार्च कडक आणि स्वभाव त्याहून कडक, म्हणून गिऱ्हाइकांनीच बहाल केलेली ही पदवी. डाग दिसला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरात मळका कपडा तासाभरापेक्षा जास्त टिकायचा नाही. "अहो, निदान अंगावरून उतरवू तरी द्या!" असं बायकोला दिवसातून दोनदा ओरडावं लागे. आणि तीस वर्षांत एकाचा कपडा दुसऱ्याला गेला, असं त्यांच्या दुकानात एकदाही घडलेलं नव्हतं. प्रत्येक कपड्याच्या आत नंबराची कापडी चिठ्ठी, स्वतःच्या हाताने टाचलेली! याचा त्यांना भयंकर अभिमान होता.

तर, पिल्लू. गोल्डन रिट्रीव्हर. मुलगी तीन वर्षं मागे लागली होती. आता ती दहा वर्षांची झाली, शेवटी कडकभाऊंनी मान डोलावली आणि तयारीला लागले. पिल्लाची गादी आणली ती तीनदा धुतली, वर वाफेची इस्त्री मारली. चावायला रबरी हाडूक आणलं ते जंतू मरावेत म्हणून उकळलं. जंतूंचं काय झालं ठाऊक नाही, पण हाडकाचं थाळीएवढं चपटं काहीतरी झालं आणि ते भांड्याच्या बुडाला जे चिकटलं ते आजतागायत निघालेलं नाही.

"बाबा, पिल्लू यायच्या आधीच तू त्याची खेळणी संपवतोयस!" मुलगी वैतागली.

"स्वच्छता म्हणजे स्वच्छता!" कडकभाऊ म्हणाले.

पिल्लं देणाऱ्या बाई मात्र वेगळ्याच होत्या. उंच, धिप्पाड, अंगभर कुत्र्यांचे केस. कडकभाऊंचा हात खिशातल्या ब्रशकडे आपोआप गेला. बायकोने वेळीच कोपर मारलं. सात पिल्लांतली सहा गेली होती. उरलेलं एकुलतं एक मुलीच्या चपलेवर डोकं ठेवून घोरत होतं आणि मुलगी श्वाससुद्धा हळू घेत होती.

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "मी पिल्लू देत नाही. पिल्लूच माणूस निवडतं. घरात सगळ्यात तापट कोण?"

मायलेकींनी एकाच वेळी कडकभाऊंकडे बोट दाखवलं. चर्चा नाही, विचार नाही!

"मग यांचा शर्ट द्या. दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला. पिल्लू आठवडाभर त्याच्यावर झोपेल, वासाची ओळख होईल. तापट माणसाशी जमलं की बाकीच्यांशी जमतंच. रविवारी मी त्याला तुमच्या घरी आणून मधोमध सोडीन. तुमच्याकडे आलं तर तुमचं. नाही आलं तर यादीत पाच घरं थांबली आहेत."

मुलीने पिल्लाचं नावही ठरवलं नव्हतं. "आपलं झाल्यावर ठेवीन," ती परतताना म्हणाली. "आधीच ठेवलं आणि नाही मिळालं तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्ट पाठवला. संध्याकाळी बाईंचा फोन.

"मी मळका शर्ट मागितला होता! तुम्ही तर शोरूममधला पाठवलात! पिल्लू त्याच्यावरून घसरलं!"

"थोडासा स्टार्च..."

"आणि घडीत पुठ्ठा कशाला?"

बायकोने कपाळाला हात लावला. मग तिने सूत्रं हातात घेतली. निळ्या चौकड्यांचा शर्ट कडकभाऊंच्या अंगात चढवला आणि बजावलं, "दोन दिवस हा उतरवायचा नाही. बायको-मुलीची शपथ!" त्या दोन दिवसांत कडकभाऊंचे जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. "कॉलरला काळी रेघ आली!" ते रडकुंडीला येऊन म्हणायचे. "येऊ द्या," बायको म्हणायची. "काखेत डाग!" "शाब्बास!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वतःच शर्ट न्यायला येणार होत्या. नेमके त्याच वेळी दुकानात सेक्रेटरी उपटले. हे म्हणजे कडकभाऊंच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे, इमारतीचे सेक्रेटरी. जिन्यात कुणी शिंकलं तरी नोटीस लावणारे गृहस्थ! कुत्र्यांचं नाव काढलं तरी त्यांना खाज सुटायची.

"बाहीवर सॉस सांडलाय," शर्ट काउंटरवर टाकत ते म्हणाले. "आणि ऐकलं ते खरं का? कुत्रं आणताय?"

शर्ट निळ्या चौकड्यांचाच होता. नवल नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाने मोठा सेल लावला होता तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो घेतला होता. कडकभाऊंनी त्याला चिठ्ठी टाचली, नंबर तीनशे अठरा, आणि सेक्रेटरींना कसंबसं वाटेला लावलं. मग स्वतःचा शर्ट उतरवून काउंटरवर ठेवला आणि बनियनवर पिशवी शोधू लागले. बाहेर बाईंच्या जीपने हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर कानठळ्या बसल्या! कडकभाऊंनी घाईघाईत शर्ट पिशवीत कोंबला आणि बनियनवरच धावत जाऊन जीपमध्ये टाकला. समोरच्या फुटपाथवरच्या दोन गिऱ्हाइकांनी त्यांना त्या अवस्थेत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी मशीनमधून एक निळ्या चौकड्यांचा शर्ट चिठ्ठीविना निघाला. कडकभाऊ स्वतःवरच चिडले. चिठ्ठी गळलीच कशी? त्यांनी नवी टाचली, तीनशे अठरा, आणि शर्टाला असा स्टार्च मारला की तो आपला आपण उभा राहिला असता.

रविवार उजाडला. बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लागलं. कडकभाऊ मधोमध मांडी घालून बसले, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी. बाईंनी पिल्लाला खाली ठेवलं. पिल्लाने जांभई दिली, कडकभाऊंच्या गुडघ्याचा वास घेतला, आणि शिंकलं! मग त्यांच्याकडे पाठ करून ते भिंतीकडे बघत बसलं.

"ये, ये, ये!" कडकभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. एवढ्या लाडाने ते आजवर कुणाशीच बोलले नव्हते. पिल्लाने कानसुद्धा हलवला नाही. मुलगी ओठ चावू लागली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि हातात शर्ट फडकवत सेक्रेटरी आत घुसले.

"हे काय दिलंत मला? हा माझा शर्ट आहे? गळ्याचं बटण लागत..."

पुढचं वाक्य राहूनच गेलं. पिल्लू टुणकन उठलं, कान उडवत, पाय घसरवत धावलं आणि सेक्रेटरींच्या पायांवर जाऊन आदळलं! सेक्रेटरी किंचाळले आणि थेट सोफ्यावर चढले. पिल्लाने त्यांची पडलेली चप्पल कुशीत घेतली आणि समाधानाने डोळे मिटले.

"वा!" बाई म्हणाल्या. "याने माणूस निवडला."

"कोण माणूस?" सोफ्यावरून सेक्रेटरी.

"तुम्ही."

"मी माणूस नाही! मी सेक्रेटरी आहे!"

कुणी हसलं नाही. मुलगी गुपचूप उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तरी परवडलं असतं, पण तिने ते अगदी हळू लावलं.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक बोळा काढला. लाळेने माखलेला, कुरतडलेला, आणखीही कशाकशाने भिजून वाळलेला तो निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. "आठवडाभर यालाच बिलगून झोपलंय, आणि शर्टाच्या मालकाला ओळखत नाही? मग जमायचं नाही, भाऊ. मी यादीतल्या पुढच्यांना फोन करते."

कॉलर उलटी झाली होती. आतली चिठ्ठी कडकभाऊंना लख्ख दिसली. तीनशे अठरा. त्यांच्याच अक्षरात!

कडकभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. चिठ्ठी आणखी कुणाच्या नजरेला पडली नव्हती. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. आणि बोलले तर? सेक्रेटरींना सांगायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला सांगायचं, आणि इमारत म्हणजेच तर निम्मी गिऱ्हाइकं.

"काय हो," सेक्रेटरींनी सोफ्यावरून डोळे बारीक केले, "कपडे बदललेत की काय?"

कडकभाऊंनी आतल्या बंद दाराकडे पाहिलं.

"हो!" ते ओरडले. "बदलले! तुमचा शर्ट पिल्लाला गेला आणि माझा तुम्हाला! माझ्या हातून झालं! जा, सांगा सगळ्यांना! पण बाई, यात पिल्लाची चूक नाही आणि माझ्या पोरीची तर मुळीच नाही!"

मग सेक्रेटरी हसायला लागले. इतके हसले की सोफ्यावरून खाली उतरले आणि पिल्लू पायाशी आहे हेही विसरले. "तीस वर्षं!" ते डोळे पुसत म्हणत होते. "तीस वर्षं ऐकतोय मी यांचं!"

आतलं दार किलकिलं झालं होतं.

बाईंनी जरा विचार केला. "पिल्लाचं बरोबरच होतं तर. ठीक आहे. आठ दिवस ते इथे राहील. तुम्ही हाच शर्ट घालायचा, आहे तसा, म्हणजे त्याच्या ओळखीच्या वासात तुमचाही वास मिसळेल. पुढच्या रविवारी तो उतरवून बसा. तेव्हा आलं तर आलं."

"हा?" कडकभाऊंनी दोन बोटांत शर्ट धरला. "हा घालू? माझ्या दुकानात?"

"अगदी खुशाल घाला," सेक्रेटरी उदार होऊन म्हणाले. "मला परत नको."

त्या आठ दिवसांचं काय सांगावं! शहरातला सगळ्यात कडक लॉन्ड्रीवाला काउंटरमागे उभा, आणि अंगात तो शर्ट: एका बाहीवर सॉसचा डाग, दुसरी कुरतडलेली, वास तर असा की गिऱ्हाइकं हात लांब करूनच कपडे देत. रोज संध्याकाळी सेक्रेटरी यायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "काय कडकभाऊ, आज कुणाचा शर्ट?" कडकभाऊ दात ओठ खात इस्त्री फिरवत राहायचे. पिल्लू मात्र क्षणभर त्यांची पाठ सोडत नव्हतं. त्यांच्या पायांवरच झोपायचं. "सरक, सरक मेल्या!" असं कडकभाऊ म्हणायचे आणि पायाला मुंग्या येईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. चौथ्या दिवशी बायकोने त्यांना पिल्लाला रेशमी कापडाची इस्त्री कशी करतात ते समजावून सांगताना पकडलं.

"अहो, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही! हिशेब करतोय!"

पुन्हा रविवार आला. कडकभाऊंनी तासभर अंघोळ केली. नवा शर्ट, पांढरीशुभ्र पँट, इस्त्रीची घडी अशी की हात कापावा! मांडी घालून ते मधोमध बसले. मुलीने त्यांचा हात घट्ट धरला होता. सेक्रेटरी गंमत बघायला म्हणून दारातच उभे होते. बाईंनी पिल्लाला खाली ठेवलं.

पिल्लू दाराकडे वळलं. दोन पावलं गेलं. सेक्रेटरींना पाहून शेपूट हललं. मुलीची नखं बापाच्या तळहातात रुतली. सेक्रेटरींनी पटकन पाय मागे घेतला आणि, खरं सांगतो, पुटपुटले, "माझ्याकडे नको रे. तिकडे जा ना."

पिल्लू थांबलं. हवेत नाक वर केलं. मग वळलं आणि असं सुसाट निघालं की वाटेत एकदा कोलमडलं, उठलं आणि थेट कडकभाऊंच्या मांडीत जाऊन पडलं! त्यांची हनुवटी चाटली, कान चाटले, मुलीच्या गळ्यात पाय टाकले. मुलगी रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नव्हतं. कडकभाऊंच्याही डोळ्यांत पाणी आलं. "पोरी," ते म्हणाले, "ठेव आता नाव!"

आणि नेमकं तेव्हाच त्यांना मांडीत काहीतरी कोमट लागलं. त्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पँटवर एक पिवळं तळं हळूहळू पसरत चाललं होतं.

"आनंदाने होतं असं," बाई खुशीत म्हणाल्या. "पिल्लू तुमचं झालं!"

"होय, होय," म्हणत कडकभाऊ घाईने उठायला लागले. "आलोच! पाच मिनिटांत भिजत घालून..."

"अं हं! बसा खाली!" बाईंनी त्यांचा खांदा दाबला. "आता तर त्याने सही केली आहे. ही पँट महिनाभर धुवायची नाही."

कडकभाऊंनी बायकोकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं, पिल्लाच्या मानेत तोंड खुपसून बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि निमूट खाली बसले. ओल्यातच!