बिनएसीचं घर

मनीषनगरातल्या नव्या घरात सुशीलने एसी बसवला नाही, कूलरही नाही. इंजिनिअरच्या सल्ल्याने त्याने अंगणात खोलवर लांबलचक पाइप पुरून घेतला. बाहेरची तापलेली हवा त्यात शिरायची, जमिनीखाली गार व्हायची आणि प्रत्येक खोलीतल्या जाळीतून आत यायची. हे ऐकल्यावर त्याच्या वडिलांनी, गणपतरावांनी, जुन्या महाल वस्तीतलं घर सोडायला साफ नकार दिला. "नागपुरात राहून कूलर नाही म्हणते. मले काय शिजवतं का?"

बाबा एकटे राहतात हे सुशीलच्या मनाला लागून होतं. म्हणून त्याने मुद्दाम भर मे महिन्यात वास्तूचं जेवण ठेवलं आणि बाबांना स्वतः गाडीतून घेऊन आला.

पाहुणे घाम पुसत आत आले आणि टेकताच चकित झाले. घर खरंच गार होतं. कोणी भिंतीला हात लावून पाहिला, कोणी फरशीला. गणपतराव जाळीखालच्या खुर्चीत बसले, टोपी काढून डोळे मिटले. तेवढ्यात लाईट गेली. पंख्यांची घरघर थांबली.

"पाहा," सुशील छाती काढून म्हणाला, "लाईट गेली तरी घर थंडच राहते."

सगळ्यांनी कौतुकाने जाळीकडे पाहिलं. जाळीतून आवाज आला, "ताई, तुले एसी नव्हता पाहिजे का वं?"

ती सुशीलची मेव्हणी रीना होती. पण ती तर तिच्या बहिणीबरोबर, म्हणजे सुशीलच्या बायकोबरोबर, आतल्या खोलीत दार लावून बसली होती.

"काहून नाही पाहिजे?" जाळीतून बायको भावना म्हणाली. "पण ह्यायले नाही म्हटलं का दोन दिवस तोंड फुगवून बसते. मी तर चुपचाप वरच्या खोलीत एसीची वायर टाकून घेतली."

सुशीलच्या हातातलं सरबत सदऱ्यावर सांडलं. पाहुणे एकदम छताचं निरीक्षण करू लागले. तो तसाच आत धावला, दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल ना. बाहेर सगळं ऐकू येऊन राहिलं. बुढ्याचा डोळा लागला म्हणून बरं, एसीचं समजलं तर जन्मभर टोचत राहीन मले. कसाबसा आणून बसवला त्याले."

भावनाने फक्त डोक्यावरच्या जाळीकडे बोट दाखवलं.

सुशील परत आला तेव्हा दिवाणखान्यातले पाहुणे पुन्हा छत न्याहाळत होते. गणपतराव टोपी घालून ताठ बसले होते.

"सुशील," ते शांतपणे म्हणाले, "माह्यं सामान आजच घेऊन ये. मी राहतो इथं."

सुशीलला खरंच वाटेना. "बाबा, गरमी नाही ना होत?"

"गरमीचं जाऊ दे. खाट मात्र या जाळीखालीच टाक. महालात एकट्याले दिवसभर करमत नाही."

यावर आतल्या खोलीतून भावना हळूच "अरे देवा" म्हणाली, आणि ते बाहेर सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.